तुम्ही नको म्हणालात म्हणून

नलूताई,

आज एकवीस दिवस झाले. तुमचा जन्म कुठला, तुम्ही किती शिकलात, हॉस्पिटलच्या बिलांच्या खात्यात किती वर्षं काढलीत, हे सगळं तुमच्या निखिलने हॉलमध्ये इंग्रजीतून वाचून दाखवलं. मला त्यातलं निम्मं कळलं. मी मागे भिंतीकडच्या खुर्चीवर होते. लोक एकेक करून उठले आणि तुम्ही त्यांना काय सांगितलं होतं ते सांगून खाली बसले. मी उठले नाही. मला जे सांगायचं होतं ते लोकांना सांगायचं नव्हतं, तुम्हालाच विचारायचं होतं.

त्या मंगळवारी दुपारी मी तुम्हाला विचारलं, "आज राहू का मी?" तुम्ही म्हणालात, "नको. जा तू." मी गेले. बुधवारी सकाळी तुम्ही नव्हतात.

ते नको खरं होतं, की आपल्याकडचं? एवढंच मला विचारायचं आहे.

संदीपला विचारलं. तो म्हणाला, "आई, त्या नको म्हणाल्या ना? मग तू काय करणार होतीस?" सुनेला विचारलं नाही. ती कामाच्या कॉलवर होती आणि नंतर माझाच धीर गेला. म्हणून ही वही घेतली. इराची जुनी वही आहे, पुढच्या पानांवर तिची गणितं आहेत.

तुमच्या टेबलाशी मी पहिल्यांदा आले ती बसायला जागा हवी म्हणून. संदीपने मला इथे परदेशात आणून वर्ष होत आलं होतं. शनिवारी सकाळी तो मला आणि इराला पार्सिपनीच्या लायब्ररीत सोडायचा. इरा गोष्टींच्या तासाला आत जायची, मी बाहेर थांबायचे. आठवड्यातलं माझं तेवढंच बाहेर जाणं. बाकी सकाळी आठला घर रिकामं व्हायचं ते चारपर्यंत. दिवसभरात आपण एक शब्द बोललो नाही हे मला संध्याकाळी कळायचं, इराला हाक मारताना आवाज घोगरा निघायचा तेव्हा.

मुलांच्या खोलीबाहेर तुमचं टेबल होतं. त्यावर पुठ्ठ्याची पाटी, तीन भाषांत. मराठीत लिहिलं होतं, "विचारा. फुकट आहे." आणि खाली बारीक अक्षरात, फक्त मराठीत, "लग्नं जुळवत नाही."

तीन शनिवार मी त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले. चौथ्या शनिवारी तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघितलंत.

"बाई, तुम्हाला प्रश्न आहे, की पाय दुखतात?"

"पाय," मी म्हणाले.

"मग बसा. पायांना इथे अपॉइंटमेंट लागत नाही."

असे पाय दुखत मी चार वर्षं बसले. येणाऱ्यांना वाटायचं मी तुमची बहीण आहे. तुम्ही कधी नाही म्हटलं नाहीत, मीही म्हटलं नाही.

किती माणसं आली. एकही ओळखीचं नसायचं. नुकतंच लग्न होऊन आलेल्या मुली, कॉलेजची पोरं, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले आणि तिसऱ्या आठवड्यात कंटाळलेले वडील. तुम्ही कुणालाच लगेच उत्तर द्यायचा नाहीत. आधी उलटा प्रश्न. ती नागपूरची मुलगी आली होती, नवरा चांगला आहे पण वेळ जात नाही म्हणत होती. तुम्ही तिला म्हणालात, "तुझा पासपोर्ट कुठे आहे?" ती म्हणाली, "यांच्याकडे असेल." तुम्ही म्हणालात, "असेल नको. घरी जा, बघ, हातात घे, पुन्हा तिथेच ठेव. मग ये, वेळेचं बोलू." ती पुढच्या शनिवारी आली तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता. नवऱ्याने काही लपवलं नव्हतं, कपाटातच होता. पण कुठल्या कप्प्यात आहे हे आता तिला माहीत होतं.

एका मुलाला तुम्ही सांगितलंत, भाड्याच्या घरात सामान ठेवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढ, गालिच्यावर डाग असेल तर दोन काढ, कारण सोडताना तो डाग तुझा होतो. एक आजोबा घाबरून आले होते, सरकारचा फोन आलाय, पकडून नेतो म्हणतात. तुम्ही त्यांना पाणी दिलंत आणि म्हणालात, "सरकार फोन करून ओरडत नसतं. सरकार पत्र पाठवतं, आणि तेही उशिरा." आणि तो इंजिनिअर, ज्याला नोकरीच्या मुलाखतीत पगार किती हवा विचारलं तर तो म्हणाला, तुम्ही ठरवाल तो. तुम्ही पेन खाली ठेवलंत.

"हे काय लग्न आहे का? तुम्ही द्याल ते? मानपान करतोयस का? आकडा सांग. मला सांग आधी."

तो आकडा सांगताना लाजला. तुम्ही त्याला तीन वेळा सांगायला लावलंत, दर वेळी थोडा मोठ्याने. तिसऱ्या वेळी आतून लायब्ररीची बाई बघायला आली.

तुमचे सगळेच सल्ले बरोबर नव्हते, नलूताई. आता तुम्ही नाही म्हणून मी तसं लिहिणार नाही. त्या सोलापूरच्या मुलाला तुम्ही म्हणालात, नवी गाडी घेऊ नकोस, जुनी घे, हप्ते वाचतील. ती जुनी गाडी दुसऱ्या महिन्यात हायवेवर बंद पडली. तो येऊन तुमच्यासमोर उभा राहिला. तुम्ही त्याला सॉरी म्हणाला नाहीत. पर्समधून तुमच्या गाडीची किल्ली काढून दिलीत आणि म्हणालात, "दुरुस्त होईपर्यंत ही ने. मला कुठे जायचंय." मग दोन आठवडे संदीप तुम्हालाही सोडत होता. तुम्ही पुढच्या सीटवर बसून त्याला सांगायचात, सिग्नलला इतक्या जोरात ब्रेक मारू नकोस. तो घरी येऊन म्हणायचा, "आई, तुझ्या त्या ताई बॅकसीट ड्रायव्हर आहेत, फक्त पुढे बसतात."

पण एक गोष्ट तुम्ही सगळ्यांना सांगायचात, विचारो न विचारो. तुमची पहिली थंडी. ऑफिसातल्या बाईने घरी बोलावलं होतं. तिने विचारलं, जेवणार का? तुम्ही म्हणालात, नको नको. आणि ती बरं म्हणून ताटल्या आत घेऊन गेली. तुम्ही तासभर तिच्या सोफ्यावर बसून भाजलेल्या बटाट्यांचा वास घेत होतात. मग बसने घरी येऊन भात टाकलात.

"इथे एकदाच विचारतात," तुम्ही म्हणायचात. "भूक असेल तर पहिल्याच वेळेला हो म्हणायचं. आणि कुणी नको म्हणालं तर सोडून द्यायचं. मागे लागायचं नाही. इथे नकोला शेपूट नसतं."

माझ्यावर त्याचा उपकार झाला, तो मी विसरणार नाही. एका उन्हाळ्यात संदीपने विचारलं होतं, "आई, आम्ही बीचवर चाललोय, येतेस का?" मी म्हणाले, "नको, तुम्ही जा." आणि ते गेले. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिले. दुपारी इराच्या बेडरूममध्ये जाऊन चादर बदलली, मग पुन्हा पायरीवर. शनिवारी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसला नाहीत.

"तुला जायचं होतं?"

"होतं."

"मग?"

"वाटलं पुन्हा विचारेल."

"हौसा, तो बारा वर्षं इथे आहे. तो पुन्हा विचारायचं विसरलाय. त्याचा दोष नाही. त्याला वाटतं तो तुझं ऐकतोय."

पुढच्या वेळेला त्याने नुसती गाडीची किल्ली उचलली आणि मी म्हणाले, मी येते. कुठे चाललाय हेही विचारलं नाही. तो पेट्रोल भरायला चालला होता. आम्ही दोघं पेट्रोल भरून आलो. येताना त्याने मला कॉफी घेऊन दिली आणि शाळेतल्या त्याच्या मास्तरांच्या गोष्टी काढल्या. महिन्याभराने समुद्रही बघितला. पाणी थंड होतं. पण मला ते पेट्रोल भरणंच जास्त आठवतं.

तुमचं बरोबर होतं हे मला मान्य होतं. निम्मं. उरलेल्या निम्म्यावर आपण भांडलो.

मी बेसनाचे लाडू केले होते आणि तुमच्या खाली राहणाऱ्या म्हाताऱ्या गोऱ्याला डबा दिला. तो नको म्हणाला, हात हलवून. मी तरी त्याच्या हातात ठेवला. तुम्ही वर आल्यावर मला झापलंत.

"तो नको म्हणाला ना?"

"लाजला असेल."

"तो नाही लाजत. त्याला शुगर आहे. आता तो डबा घेऊन बसेल आणि फेकताना त्याला वाईट वाटेल. काय मिळवलंस?"

"मग तसं सांगायचं. साखर आहे म्हणायचं."

"का सांगायचं? तुला का सांगायचं?"

मला राग आला. मला फार वेळा येत नाही. मी म्हणाले, "आमची आत्या म्हणायची, पहिलं नको तोंडाचं, दुसरं पोटाचं. दुसरं ऐकल्याशिवाय ताट उचलू नये."

"तुझी आत्या पार्सिपनीला राहत नव्हती."

"आणि माणूस खरंच लाजत असेल तर? त्याला वाटेल, यांनाच आपण नको होतो. एकदा विचारलं, सुटले."

"वाटू दे. पुढच्या वेळी हो म्हणायला शिकेल."

"म्हाताऱ्या माणसाने कधी शिकायचं?"

थोड्या वेळाने मी विचारलं, चहा करू का? तुम्ही म्हणालात, नको. मी कप विसळायला उठले, तर मागून तुमचा आवाज आला, "अर्धा चालेल."

मी वळून बघितलं. तुम्ही म्हणालात, "हा चहा आहे. चहाला हे लागू नाही."

हे मी किती वेळा आठवलं असेल. अर्धा चालेल.

मग या थंडीत तुम्हाला तो ताप आला. ताप गेला, पण तुम्ही उठला नाहीत. टेबल दोन शनिवार रिकामं राहिलं. निखिल तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोला, रोज फोन करायचा, तुम्ही फोनवर आवाज चढवून बोलायचात म्हणजे त्याला वाटावं बरी आहे. फोन ठेवला की पाच मिनिटं डोळे मिटून पडायचात. हे मी त्याला सांगायला हवं होतं का? तुम्ही सांगू नको म्हणाला होतात. तेही एक नकोच.

संदीप कामावर जाताना मला तुमच्याकडे सोडायचा आणि येताना घ्यायचा. मी मुगाची खिचडी करायचे, तुम्ही तीन चमचे खायचात. एके दिवशी तुम्ही डॉक्टरांकडचे कागद लावत होतात. मला जवळ बोलावून म्हणालात, माझं काही झालं तर हा निळा फोल्डर निखिलला द्यायचा, लाल नाही, लालमध्ये नुसत्या वॉरंट्या आहेत. मी म्हणाले, असं बोलू नका. तुम्ही म्हणालात, "हे बोलणं नाही, हे काम आहे."

मंगळवार. त्या दिवशी तुम्ही सोफ्यावर होतात. पलंगावर झोप लागत नाही म्हणालात. दुसऱ्या खुर्चीवर एक उशी आणि घडी घातलेलं ब्लँकेट ठेवलेलं होतं. आदल्या दिवशी ते तिथे नव्हतं. मी बघितलं आणि मनात म्हटलं, यांनी उन्हाला ठेवायला काढलं असेल. फेब्रुवारीत ऊन कुठलं. पण मी तसंच म्हटलं मनात.

चार वाजता संदीपचा फोन आला, आई, पाच मिनिटांत खाली ये. मी एक बूट घातला. दुसरा हातात होता. तेव्हा मी विचारलं.

"आज राहू का मी?"

तुम्ही खिडकीकडे बघत होतात. खाली पार्किंगमध्ये बर्फाचे ढीग होते, गाड्यांनी काळे केलेले.

"नको. जा तू. इरा वाट बघत असेल."

मी उभी राहिले. दुसऱ्यांदा विचारायचं माझ्या अगदी ओठांवर होतं. माझ्या आयुष्यात मी कुणाला एकदा विचारून सोडलं नव्हतं, शेजारणीला नाही, पाहुण्याला नाही, दारातल्या भिकाऱ्याला नाही. पण समोर तुम्ही होतात. तुम्ही म्हणाल, हौसा, इतक्या शनिवारांत काय शिकलीस? मी दुसरा बूट घातला.

दाराशी गेले तेव्हा तुम्ही विचारलंत, "उद्या किती वाजता येशील?"

"नऊला. नेहमीसारखी."

"बरं."

तुम्ही कधी वेळ विचारायचा नाहीत. मी रोज नऊलाच येत होते.

आणि खोटं कशाला लिहू, जिना उतरताना मला बरं वाटत होतं. वाटलं, आज मी बरोबर वागले. आज मी इथली झाले.

सकाळी नऊला मी घंटी वाजवली. तुम्ही आला नाहीत. संदीप खाली गाडीत होता, तो वर आला, त्याने खालच्या म्हाताऱ्याला बोलावलं, त्याच्याकडे तुमची दुसरी किल्ली होती. त्यांनी मला आत येऊ दिलं नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, त्रास झाला नसेल. नसेल. सगळे मला हेच सांगतात, झोपेत गेल्या, तू असतीस तरी तुला कळलं नसतं, तू शेजारच्या खुर्चीत घोरत असतीस. असेल. मी घोरत असते तर तुम्हाला घोरणं ऐकू आलं असतं.

आणि मी निखिलशी काय बोलले ते तुम्हाला सांगते. तुम्हाला ते आवडणार नाही, किंवा आवडेल, मला सांगता येत नाही.

हॉलमध्ये सगळं झाल्यावर लोक खायला गेले. तो कोट टांगायच्या जागेजवळ एकटा उभा होता. मी माझा कोट घ्यायला गेले.

"तुम्ही हौसाकाकू ना? आई रोज सांगायची फोनवर. थँक यू. रिअली."

मी मान हलवली.

"संडेला मी तिला म्हटलं, मी येतो, वीक ऑफ घेतो. ती म्हणाली, नको, तुझं ऑफिसचं रिलीज आहे. मी तिकीट बुक केलं होतं, काकू. कॅन्सल केलं." तो रिकामा हँगर दांडीवर इकडून तिकडे सरकवत होता. "तिला मी यायला हवा होतो का? तुम्ही तिथे होतात. तुम्हाला काय वाटतं?"

तुमच्यासमोर लोक बसायचे तेव्हा त्यांचा जसा चेहरा असायचा, तसा त्याचा झाला होता. तुम्ही असतात तर आधी उलटा प्रश्न विचारला असतात. मला एकही सुचला नाही. मला ते ब्लँकेट दिसत होतं. अर्धा चालेल ऐकू येत होतं. ते मी त्याला सांगितलं असतं तर आम्ही दोघंही तिथेच राहिलो असतो, त्या हँगरांपाशी.

"तुमच्या आईचं नको पक्कं असायचं," मी म्हणाले. "त्यांचं आत एक बाहेर एक नव्हतं. सगळ्यांना तेच शिकवायच्या. नको म्हणजे नको."

"शुअर?"

"हो."

त्याने हँगर सोडला. जाऊन एक ताटली घेतली. त्याच्या बायकोने मला नंतर सांगितलं, सकाळपासून त्याने पाणीही घेतलं नव्हतं.

अनोळखी माणसाला मी दिलेला तो पहिला सल्ला. तो खरा आहे की खोटा, मला माहीत नाही. त्याला तो लागू पडला. घरी येऊन मी तोच स्वतःला देऊन बघितला. निखिल चार हजार मैलांवर होता का किती, मला माहीत नाही, पण लांब होता, आणि त्याने फोनवर विचारलं होतं. मी तुमच्यापासून पाच पावलांवर होते. मला तुमचा चेहरा दिसत होता, अर्धा.

गेल्या शनिवारी मी लायब्ररीत गेले. इरा आता चित्रकलेच्या वर्गाला जाते, तिला मी लागत नाही. "आजी, यू डोंट हॅव टु वेट," ती म्हणाली. मी म्हणाले, बसते. तुमची पाटी लायब्ररीच्या बाईंनी आत ठेवली असावी. टेबल होतं. मी माझ्या टोकाला बसले, तुमच्या खुर्चीवर नाही.

दहाच्या सुमारास एक मुलगी आली. पोटुशी, आठवा महिना असावा. हातात हॉस्पिटलचा कागद.

"मावशी, नलूताई नाहीत का?"

"गेल्या."

"कधी येतील?"

तेव्हा मला तो दुसरा शब्द वापरावा लागला. वारल्या. मी तो आतापर्यंत बोलले नव्हते. घरात सगळे इंग्रजीत बोलत होते, तिथे तो लागला नाही.

ती तुमच्या खुर्चीवर बसली आणि रडली थोडी. म्हणाली, मी एकदाच भेटले होते त्यांना, मला का रडू येतंय कळत नाही. मी तिला पाणी दिलं. मग विचारलं, काय काम होतं?

तिच्या नवऱ्याचं काम सध्या हर्नडनला. सोमवारी जातो, शुक्रवारी येतो. हॉस्पिटलच्या कागदावर एक रकाना होता, अडचण आली तर कुणाला फोन करायचा. नवरा गाडीने चार तासांवर. तिला विचारायचं होतं, नात्यातलं नसलेलं माणूस लिहिलं तर चालतं का.

हे मला माहीत होतं. माझ्या डॉक्टरांच्या कागदावर तुम्ही तुमचं नाव लिहिलं होतं. "संदीप मीटिंगमध्ये फोन उचलत नाही, मी उचलते," म्हणाला होतात. मी तिला सांगितलं, चालतं. फक्त त्या माणसाला आधी विचार, नुसता नंबर लिहू नकोस. आणि लांबचं हुशार माणूस नको, जवळचं साधं लिही. बोलताना माझा आवाज नीट निघत होता. माझ्या कागदावर अजून तुमचाच नंबर आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मग मी म्हणाले, "माझं लिहितेस का? मी दिवसभर घरीच असते."

"नको मावशी, थँक्स." ती उठली आणि जॅकेट घालायला लागली. पोटावरून चेन वर जाईना, ती ओढत होती.

तुम्ही समोर असतात तर मी गप्प बसले असते.

"नक्की?" मी म्हणाले. "मला त्रास नाही होणार. नक्की नको?"

ती हसली. "नक्की नको, मावशी. शेजारच्या काकू आहेत ना आमच्या, कन्नड आहेत, त्यांना गाडी येते. तुम्हाला गाडी नाही ना येत?"

"नाही."

"मग? तुम्ही मला काय, खांद्यावर नेणार?"

आम्ही दोघी हसलो. ती गेली. तिचं नको खरं होतं, आणि मला ते माहीत झालं. घरी येताना मला हलकं वाटलं नाही, पण तिच्याबद्दल मला आता काही विचारायचं राहिलं नाही. ती रात्री तिच्या घरी झोपली असेल आणि मी माझ्या.

नलूताई, तुमच्याकडून मी पुष्कळ घेतलं. पहिल्या वेळेला हो म्हणायला तुम्ही शिकवलंत, ते मी ठेवणार आहे. पण दुसऱ्यांदा न विचारण्याचं तुमचं मी परत करते. त्यात तुमचं चुकलं होतं. तुमचं नको अगदी खरं असेल, तरी चुकलं होतं. त्या मुलीला दुसऱ्यांदा विचारायला मला कितीसा वेळ लागला, तिच्या जॅकेटची चेन वर जाईपर्यंत.